वॉकिंग पॅड: नव्याचे नऊ दिवस सरून नऊ महिने झाले

टेबलाखाली ठेवायचा वॉकिंग पॅड, म्हणजे चपटी छोटी ट्रेडमिल, घेतला तेव्हा घरच्यांनी पैज लावली होती: दोन महिन्यांत हा पलंगाखाली जाणार. सहा आठवड्यांतच गेला. रोज ओढून काढायचा, वायर जोडायची, खुर्ची सरकवायची, झालं की परत ढकलायचा. चाकं असली तरी धूड पंचवीस किलोंचं. कामाच्या घाईत एवढी उठाठेव कोण करणार? शेवटी एका उंच टेबलासमोर तो कायमचा पसरून ठेवला. खोली अडली, पण खरा वापर तेव्हापासून सुरू झाला. घ्यायचा विचार असेल तर मोटर, रिमोट, ॲप सगळं नंतर बघा. आधी तो कायम पसरलेला राहील अशी जागा घरात आहे का ते बघा. नसेल तर राहू द्या.

जाहिरातीतली माणसं हसतमुखाने चालत चालत टाईप करतात. मला ताशी 2 किलोमीटरला मेल वाचता येतात, दोन ओळींची उत्तरंही जमतात. अडीचच्या पुढे बोटं भरकटतात. एक्सेलमध्ये माऊसने नेमका कप्पा पकडणं तर कुठल्याच वेगाला जमलं नाही. एकदा अर्धवट मेल थेट साहेबांना गेला, तेव्हापासून लिहायचं काम खुर्चीतच.

आणि 2च्या वेगाला व्यायाम म्हणायचं का? यावर मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे किती, याची साधी खूण अशी की बोलता येतं, पण गाता येत नाही. मी त्या वेगाला अख्खं गाणं म्हणू शकते, कडव्यांसकट! बसून राहण्यापेक्षा ते बरंच, पण 150च्या हिशोबात धरता येत नाही. तीन महिने मी तो हिशोब मजेत चुकीचा मांडत होते.

मग मीटिंगांकडे लक्ष गेलं. ज्या कॉलवर मी नुसती श्रोता असते, तिथे माईक बंद आणि वेग 5. (कॅमेराही बंद. डोकं वरखाली होताना दिसलं की समोरच्यांना गरगरतं, असं एका सहकाऱ्याने सांगितलं.) असे अर्ध्या तासाचे चार कॉल झाले की 120 मिनिटं निघतात. पूर्वी सलग किमान 10 मिनिटं चाललं तरच मोजायचं अशी अट होती. ती 2020मध्ये निघाली. त्यामुळे आठ मिनिटांत गुंडाळलेला कॉलही वाया जात नाही. उरलेल्या मिनिटांसाठी लिफ्ट सोडली. स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान 2 दिवस करा, असंही त्याच शिफारशींत आहे. त्या बाबतीत पॅडचा शून्य उपयोग.

मनगटावरच्या बँडवर विसंबू नका. हात टेबलावर टेकलेले असले की तो पावलं गाळतो, कारण त्याला हात हलायला हवा असतो. फोन खिशात ठेवला तर आकडा बराच जवळ येतो. तसंही रोज 10,000 पावलांचं वेड 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावापासून सुरू झालं, म्हणून मी ते फारसं मनावर घेत नाही.

कटकटी आहेतच. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, मग जाड रबरी मॅट घातली. अनवाणी चालून पोटऱ्या भरून आल्या, आता घरातच बूट. उतरल्यावर क्षणभर जमीन सरकल्यासारखी वाटते, पहिल्या आठवड्यात तर मी टेबल धरूनच उतरायचे. पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल सोडावं लागतं.

वजन दीड किलोने उतरलं. त्याचं श्रेय पॅडला द्यावं असं काही वाटत नाही. संध्याकाळी खुर्चीतून उठताना कंबर धरायची, ते मात्र थांबलंय. पैज मी तांत्रिकदृष्ट्या हरले, हे घरात अजून ऐकवलं जातं.

सध्या पट्टा उजवीकडे सरकतोय. मागच्या स्क्रूला ॲलन कीने पाव फेरा द्यायचा असतो. गेल्या वेळी उत्साहात अर्धा दिला, तर तो पार डावीकडे गेला.