जळगावचा ‘धंदा सुरू करण्याआधी’ क्लास : पहिला रविवार पाण्यात, दुसरा पैसा वसूल

दोन रविवार, फी 1,800 रुपये, त्यात चहा, झेरॉक्सचं बाड आणि दुपारचं जेवण. जळगावला रिंग रोडकडे एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर भरतो. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण थोडं वाईटही लिहिणारे, आणि जळगाववाल्यांना तसंही कळेलच.

आधी माझं सांगते म्हणजे रिव्ह्यू कुणासाठी ते कळेल. मी रावेर तालुक्यातली, चार वर्षं झाली घरीच केळीचे वेफर्स करते, मी सासूबाई आणि दोन बाया. आता कापायचं मशीन घ्यायचंय, शेड टाकायचंय, म्हणजे बँकेकडे जाणं आलंच, तर दीर म्हणाले वहिनी आधी हा क्लास करा मग फॉर्म भरा. तोवर मला बँक म्हणजे पासबुक आणि फोन पे एवढंच माहीत.

पहिला रविवार अक्षरशः पाण्यात. सूटबूटवाला एक मुलगा आला, शेजारच्याचा हात धरा, जोरात म्हणा मी करू शकतो, टाळ्या. अहो मी करतेच आहे ना चार वर्षांपासून, रोज पहाटे उठून! अडीच तास हे चाललं. त्या दिवशी शेवभाजी मात्र एक नंबर होती, तर्री अशी की नाकातून पाणी.

दुसऱ्या रविवारी आले ते सर बँकेतून रिटायर झालेले. आवाज बारीक, माइक खरखरतो, मागच्या दोन रांगांना काही ऐकू येत नाही, त्यामुळे गेलात तर पुढे बसा. त्यांनी आल्या आल्या फळ्यावर एक जिना काढला. सगळ्यात वर रिझर्व्ह बँक, 1935 ची. खाली सरकारी आणि खाजगी बँका, मग सहकारी बँका, मग फायनान्स कंपन्या, बचत गटाला कर्ज देणारे मायक्रोफायनान्सवाले, मग पतसंस्था, आणि तळाला जिन्याच्या बाहेरच लिहिलं ‘भिशी’. म्हणाले तुमचा पैसा ज्या पायरीवर आहे तिथे हात वर करा. पतसंस्था आणि भिशी म्हटल्यावर अर्ध्याच्या वर वर्गाचे हात वर, हशा पिकला. मला नाही आलं हसू. माझ्या मावशीची म्हैस विकलेली रक्कम एका पतसंस्थेत अडकली, आठ वर्षं झाली चकरा मारते बिचारी, पाटीवर ‘बँक’ लिहिलेलं नव्हतं हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

बँक बुडाली तर ठेवीवर विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पण पतसंस्थेला तो नाही. हे मला मावशीपायी आधीच पाठ झालेलं. आणि इथेच झेरॉक्सची गंमत, बाडात छापलंय विमा 1 लाखाचा. मी हात वर केला, म्हटलं सर हा तर फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झालाय, मुद्दल आणि व्याज मिळून. सर चष्मा वर करून म्हणाले, ताई बरोबर आहे तुमचं, हे बाड मी नाही बनवलं. पैसे घेता ना, मग बाड तरी ताजं द्या की राव.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय ते. सरांनी एकेकाला विचारलं माल कुठे विकता. मी म्हटलं थोडा सावद्याला, थोडा जळगावला, बाकी बऱ्हाणपूरला, तिथला एक दुकानदार दर आठवड्याला मागवतो. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. जीएसटी नंबर आहे का? मी म्हटलं नाही, 40 लाखांच्या आत लागत नाही ना, माझी विक्री तर 10 लाखांच्या आतच. म्हणाले, ती सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. दुसऱ्या राज्यात तुम्ही स्वतः माल पाठवला की पहिल्या खोक्यापासून नंबर लागतो, मग विक्री हजाराची असो की लाखाची.

मला घामच फुटला. आमच्यासाठी बऱ्हाणपूर म्हणजे काय परराज्य आहे का हो, जळगावपेक्षा जवळ, सोयरीक तिकडे, बाजार तिकडे. पण कायद्याच्या हिशेबात तो मध्य प्रदेश. नवापूरकडचा एक दादा होता तो म्हणे आमचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, आम्ही काय करायचं, यावर मात्र मी पण हसले. मग कुणीतरी कंपोझिशनचं विचारलं, ती 1 टक्का कर भरायची सोपी स्कीम. सर म्हणाले दीड कोटीपर्यंत चालते पण तिच्यातही राज्याबाहेर माल पाठवता येत नाही, म्हणजे सीमेवरच्या आपल्यासारख्यांना साधा रेग्युलर नंबरच घ्यावा लागतो, रिटर्न भरत बसा. मशीनचं कर्ज घेऊन माल दुप्पट केला असता आणि मग हे बाहेर आलं असतं तर?

कर्जाचा भाग पण चांगला होता पण घाईत उरकला. मशीनसाठी टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत हप्त्याने फेडायचं कर्ज, आणि तेल-केळी भरायला सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं आणि भरायचं, हे दोन वेगळे, हे मला नव्हतं माहीत, मी सगळं एकातच मागणार होते. सीसीला दर महिन्याला स्टॉक लिहून द्यावा लागतो, तेलाचे डबे किती, कच्चा माल किती, कुणाकडून येणं किती, त्यावर तुम्हाला किती उचलता येईल ते ठरतं. आणि सबसिडीचं तर गावभर चुकीचं पसरलंय. पीएमईजीपी म्हणजे धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना, तिच्यात खेड्यातल्या बाईला 35 टक्के, घरचे फक्त 5 टक्के घालायचे, हे खरंय, पण ते 35 टक्के हातात येत नाहीत, बँकेत तुमच्या नावाने 3 वर्षं पडून राहतात आणि धंदा चालू दिसला तर कर्जात वळते होतात. आमच्या गल्लीत एकाने सबसिडीच्या भरवशावर गाडी बुक केली होती!

अजून एक चटका. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असतं, आधार आणि पॅनवर घरबसल्या होतं. मी एका एजंटाला त्याचे 1,500 दिलेत. शेजारच्या ताईने 2,000 दिलेले निघाले म्हणून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या कागदाचा उपयोग तरी कळला, मोठ्या दुकानदाराने लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि काहीच लेखी नसेल तर 15 दिवसांत छोट्या उत्पादकाचे पैसे द्यायचे असतात, नाहीतर तो खर्च त्याला त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. जळगावच्या एका दुकानाकडे माझे तीन महिन्यांचे अडकलेत. हे त्यांना सांगून बघितलं, शेठ म्हणाले वहिनी तुम्ही फार शिकल्या.

पाचपैकी साडेतीन देते. दीड कापला तो टाळ्यांचा, जुन्या बाडाचा आणि माइकचा. फक्त दुसऱ्या रविवारचे 900 घेऊन बसू देत असतील तर डोळे झाकून जा, मी विचारलं तर नाही म्हणाले. आणि जाताना आपली विक्रीची वही सोबत न्या, सर वही बघून बोलतात, नुसतं ऐकून नाही.

नंबरचा अर्ज टाकलाय, करंट खातं उघडलं. तोवर बऱ्हाणपूरचा माल बंद ठेवलाय आणि तो दुकानदार एक दिवसाआड फोन करतो, भाभी माल कब भेज रहे हो. चार खोकी ओसरीवर तशीच पडलीत, पोरं येता जाता फोडून खातायत.