पाय शांत, हात सैल: प्रामिपेक्सोल काही महिने घेतल्यानंतर

परवा कपाट आवरताना मिक्सरच्या वाढीव वॉरंटीची पावती सापडली आणि हा अनुभव लिहायचाच असं ठरवलं. वाढीव वॉरंटी! मूळ हमी चालू असताना, वर पैसे मोजून, तेही दुकानदाराने एकदाच विचारल्यावर. मला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य लगेच कळेल. मी काटकसरी आहे. लोक चिक्कू म्हणतात, तेही मला चालतं. रोजचा खर्च वहीत लिहिते आणि घासाघीस केल्याशिवाय वस्तू घेत नाही.

प्रामिपेक्सोल ही गोळी बरेच जण पार्किन्सनसाठी घेतात. मला ती रात्री स्वस्थ न बसणाऱ्या पायांसाठी दिली होती. ज्यांना हा त्रास आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सुरुवात ०.१२५ मिलिग्रॅमने, झोपायच्या दोन-तीन तास आधी, मग हळूहळू वाढ, सगळं नेहमीसारखंच. पाय लगेच शांत झाले. रात्र रात्र घरात येरझाऱ्या घालणाऱ्या बाईला सलग झोप लागली, तिला याहून अधिक काय हवं? तेव्हा मी डोळे मिटून पाचापैकी पाच तारे दिले असते.

खरेदी नंतर सुरू झाली. आमच्याकडे कुणी साधा स्क्रू पिळत नाही, तरी ड्रिल मशीन आलं. टॉर्च आले, स्पीकर आले, चादरींवर चादरी आल्या. गोळी घेऊन अंथरुणावर पडलं की हातात मोबाइल, आणि झोप लागेपर्यंत ऑर्डरी. चारचौघांत बिल आलं की मी ते ओढून घ्यायची. भाव करणं तर बंदच झालं. सांगितलेली किंमत देऊन मोकळी.

आणि हे सगळं करताना आपलं काही बिघडलंय असं मला वाटतच नव्हतं. उलट मन मोठं झाल्यासारखं वाटायचं. नातेवाईक खूश होते. नणंद म्हणाली, "वहिनी, आता कुठे जगायला लागलीस!" जुगाराचं खूळ लागलं असतं तर घरात आरडाओरडा झाला असता. कंजूष बाईचा हात सुटला तर लोक कौतुक करतात, आजार म्हणून कुणी बघत नाही.

ह्यांनी बघितलं, तेही वहीमुळे. पूर्वी दिवसाला तीन-चार ओळी असायच्या, आता पानं भरत होती. ह्यांनी मागे चाळत नेलं आणि ओळी कुठून वाढल्या ते शोधलं. त्याच्या थोडं आधी एक नोंद होती: औषध, प्रामिपेक्सोल.

आता गोळीबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाबद्दल, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. इशारा त्यात आहे. जुगार, अति खाणं, वाढलेली कामेच्छा, बेसुमार खरेदी, सगळं छापलंय. स्वभावाला न साजेशा अनावर इच्छा तुम्हाला किंवा घरच्यांना जाणवल्या तर डॉक्टरांना सांगा, असंही आहे. पण कुठे? घडीवर घडी घातलेल्या कागदात, मुंगीएवढ्या अक्षरांत. तपासणीला गेले की मला मळमळ विचारली, चक्कर विचारली, दिवसा झोप येते का विचारलं. खर्च कुणी विचारला नाही. एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायलाही फारसे पडणार नाहीत.

हा परिणाम काही नवा नाही. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. या जातीची औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांत असा काही ना काही अनावरपणा आढळला, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. एकूण रुग्णांपैकी ५.७ टक्के खरेदीच्या नादी लागले होते. पायांसाठी मात्रा बरीच कमी असते, तरी तिथेही हे घडतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्यांच्यावर काम करतं, त्यांतल्या डी-३ नावाच्या ग्राहींना हे औषध विशेष घट्ट धरतं, आणि बक्षिसाची गोडी लावणाऱ्या भागात त्याच ग्राहींची दाटी असते. मिक्सरबरोबर वॉरंटीही हवीशी का वाटली, ते मला हे वाचल्यावर कळलं.

एक गोष्ट बजावून सांगते: कळलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. अचानक सोडली तर घाबरणं, उदासी, घाम असा त्रास होऊ शकतो आणि पायही उसळतात. माझी मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवली. मधल्या रात्री फार वाईट गेल्या, ते लपवत नाही. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, तेव्हा तपासलं आणि ते कमी निघालं. या आजारात ७५ च्या आत असेल तर लोह देण्याचा विचार करतात, म्हणजे ही तपासणी गोळीच्या आधी व्हायला हवी होती. आता लोह आणि गॅबापेंटिन नावाचं दुसरं औषध चालू आहे. पाय पूर्वीइतके शांत नाहीत, पण झोप मिळते. खरेदीची ओढ काही आठवड्यांत ओसरली. काही वस्तू परत गेल्या. वॉरंटीचे पैसे परत मिळत नाहीत म्हणे. दोनदा भांडून आले.

मग तारे किती? काल एकच देणार होते. पण ज्या रात्री झोपले त्या खऱ्या होत्या, म्हणून तीन. ज्यांना पार्किन्सनसाठी ही गोळी लागतेच, त्यांना माझ्या वॉरंटीवरून घाबरवायचं नाही. त्यांनी फक्त पहिल्या गोळीच्या आधी मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण काढून घरच्या एखाद्या चिकट माणसाच्या हाती द्यावं, आणि पुढे दर महिन्याला नवं विवरण त्याच्या शेजारी ठेवून त्यालाच वाचू द्यावं. स्वतः वाचू नये. गोळी चालू असताना प्रत्येक खर्च पटतो.