ग्रँटची पोर्टलं वर्षभर वापरल्यावर: कॉलेजातल्या शिक्षिकेचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. भारतात, त्यातही अनुदानित कॉलेजात शिकवत असाल, तर ग्रँट, म्हणजे संशोधनासाठीचं अनुदान, शोधण्यासाठी पैसे भरून कुठल्याही डेटाबेसचं सदस्यत्व घेऊ नका. आपल्याला लागू पडतील अशा योजना मोजक्या आहेत आणि त्यांची सगळी माहिती फुकट मिळते. कस लागतो तो अर्ज भरायला बसल्यावर, आणि तोही पोर्टलवर कमी, आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात जास्त.

मी कोकणात वनस्पतिशास्त्र शिकवते. कातळसड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पती हा माझा विषय. आमच्यासारख्यांना पूर्वी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मायनर रिसर्च प्रोजेक्टचा आधार होता. विज्ञान शाखेला ५ लाखांपर्यंत मिळायचे. ती खिडकी बंद झाली, पण स्टाफरूममधले ज्येष्ठ अजूनही "अहो, एक मायनर टाकून द्या" असं सहज म्हणतात. आता मायनर म्हणजे विद्यापीठाचा, आणि त्याची रक्कम बघितली की त्यात फिरती आणि रसायनं भागतील एवढंच.

त्यामुळे मोर्चा वळतो दिल्लीकडे. इथे पहिला गोंधळ नावांचा होतो. यूट्यूबवर मार्गदर्शन करणारे निम्मे व्हिडिओ अजून सर्बचे, म्हणजे विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला पैसे देणाऱ्या जुन्या केंद्रीय मंडळाचे, आहेत. सर्ब २००८च्या कायद्याने आलं. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झालं आणि सर्ब त्यात विलीन झालं. कोअर रिसर्च ग्रँटच्या जागी आता अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट आहे. तेव्हा जुना व्हिडिओ बघून नमुना उतरवून घेऊ नका, चालू कॉलची (अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीची) पीडीएफ उतरवून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. फाउंडेशनसाठी ५ वर्षांत ५० हजार कोटींचा आकडा जाहीर झाला, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. आमच्या तालुक्यापर्यंत त्यातलं काय झिरपतं ते बघू.

शोधण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. एएनआरएफ, डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान विभाग), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) यांची पानं ब्राउझरमध्ये बुकमार्क केली आहेत आणि सोमवारी सकाळी पहिल्या लेक्चरआधी एक फेरी मारते. सामाजिक शास्त्रांतल्या सहकाऱ्यांसाठी आयसीएसएसआर आहे. ती १९६९पासूनची संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत कलिन्याच्या विद्यानगरीत. केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान पोर्टलवर बऱ्याच योजना एकत्र सापडतात. कोणती योजना अस्तित्वात आहे हे कळायला ते चांगलं, तारीख मात्र मूळ संस्थेच्या पानावरच बघावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या कॉलबद्दल न बोललेलं बरं. मुदत उलटून गेलेली पीडीएफ "अतिशय महत्त्वाची संधी" म्हणून फिरत असते आणि खाली चाळीस जण हात जोडून आभार मानतात.

योजना उघडली की आधी पात्रता बघा, रक्कम नंतर. प्रधानमंत्री अर्ली करिअर ग्रँटचे ६० लाख डोळ्यांत भरतात, पण ती नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी आहे. मॅट्रिक्स या योजनेत वर्षाला २ लाख, पण ते गणित आणि सैद्धांतिक विषयांना. माझ्या कामाची निघाली ती २०२२ मध्ये सुरू झालेली शुअर: राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी, ३ वर्षांना ३० लाखांपर्यंत. यांतली बरीचशी पानं कॉल आला की उघडतात, बाकी वर्षभर दार बंद. आणि एक कटू गोष्ट. जवळपास सगळीकडे नियमित नेमणूक लागते. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे, पीएचडी झालेले, उत्तम पेपर असलेले कितीतरी जण पहिल्याच रकान्यात बाद होतात. यावर पोर्टलला दोष देऊन उपयोग नाही, पण राग येतोच.

आता प्रत्यक्ष फॉर्म. एकूण पोर्टलं वापरायला बरी आहेत. प्रोफाइल एकदा नीट भरलं की पुढच्या अर्जाला तेच कामाला येतं. त्रास बारीकसारीक गोष्टींचा. एका केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर वर्डमधून सारांश चिकटवला की वनस्पतींच्या नावांची तिरपी अक्षरं सरळ व्हायची आणि अंशाच्या खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह यायचं. मग सगळं नोटपॅडवर टाकून, तिथून परत पोर्टलवर. शेवटच्या दिवशी तेच पोर्टल "सेव्ह" दाबल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं गोल गोल फिरत होतं. मुदतीच्या निदान आठवडाभर आधी सबमिट करा, हा सल्ला सगळेच देतात. मीही देते.

खरा वेळ खाल्ला तो बजेटने, आणि तिथेच खूप शिकायलाही मिळालं. उदाहरण बघा. २०२३पासून जेआरएफची, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याची, फेलोशिप महिना ३७ हजार आणि एसआरएफची, म्हणजे ज्येष्ठाची, ४२ हजार आहे. एक विद्यार्थी २ वर्षं जेआरएफ धरला तर ८ लाख ८८ हजार, तिसऱ्या वर्षी एसआरएफ म्हणून ५ लाख ४ हजार. म्हणजे घरभाडं भत्ता धरायच्या आधीच १३ लाख ९२ हजार. ३० लाखांतले जवळजवळ निम्मे माणसावर गेले. उरलेल्यात मायक्रोस्कोप, रसायनं, काचसामान, सड्यांवरची फिरती, किरकोळ खर्च. हे गणित मांडल्यावर माझी उद्दिष्टं सहावरून तीनवर आली, आणि प्रस्ताव वाचायला कितीतरी सुटसुटीत झाला. त्यामुळे आता मी आधी बजेट मांडते, मग उद्दिष्टं लिहिते. शिवाय जेआरएफसाठी नेट किंवा गेट ही परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार लागतो. तो पावसात सड्यावर राहायला तयार होईल का, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात विचारत नाहीत.

आणि मग ऑफिस. अर्जाबरोबर प्राचार्यांच्या सहीचं एंडोर्समेंट, म्हणजे कॉलेजचं संमतिपत्र, लागतं, ठरलेल्या मजकुरात, लेटरहेडवर. "मजकूर थोडा आपल्या पद्धतीने करू" असं म्हणणाऱ्यांना थांबवा. खासगी व्यवस्थापनाच्या कॉलेजांना एनजीओ दर्पणचा, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलचा, नंबर लागतो. तो कॉलेजच्या नावावर नसतो, मातृसंस्थेच्या नावावर असतो, आणि मातृसंस्थेचे सचिव दुसऱ्या गावी असतात. हा एक नंबर मिळवायला जितके हेलपाटे घालावे लागले, तितक्या वेळात संदर्भसूची दोनदा तपासून झाली असती. तो मिळाल्यावर मी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहूनच ठेवला.

आमचे हेडक्लार्क भाऊ सही घेण्याआधी फाइल उलटीपालटी करून म्हणाले, "मॅडम, पैसे आले तर ठेवायचे कुठे? आणि यूसी कोण बनवणार?" मला वाटलं टाळतायत. पण विचारलं ते नेमकं होतं. पैसे येतात पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन यंत्रणेतून, प्रकल्पाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो, वर्षाअखेर सरकारी आर्थिक नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र (म्हणजेच यूसी) आणि खर्चाचं विवरण द्यावं लागतं. त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. वस्तू तिथे नसेल तर तसा रिपोर्ट जेमवरूनच काढून फाइलला लावायचा, मग बाहेरून घ्यायची. प्रस्ताव लिहिण्याआधीच भाऊंसारख्या माणसाबरोबर तासभर बसा. आमच्याकडे भाऊंनी जुन्या मायनर प्रोजेक्टची फाइल काढून दाखवली, तिच्यातली ऑडिटरची लाल शाईतली शेरेबाजी वाचून मी बजेटातले दोन हेड (खर्चाचे रकाने) तिथल्या तिथे बदलले.

मोठा अर्ज मंजूर झाला नाही. तज्ज्ञांचा शेरा होता की तीन वर्षांत इतके सडे होणार नाहीत, आणि वनखात्याच्या परवानगीचा उल्लेख कुठे दिसत नाही. दुसरा मुद्दा बिनतोड होता. विद्यापीठाचा मायनर मात्र मिळाला. त्यावर दोन सड्यांचं एका पावसाळ्याचं काम चाललंय. परवानगीचा अर्ज या वेळी आधी केलाय, दर्पणचा नंबर फळ्यावर आहेच. पुढच्या कॉलमध्ये चारच सडे असतील.