सोलापूरच्या उन्हावाऱ्यात पॉप-टॉप छत: वर्षभराच्या वापरानंतर

गाडी टाटा विंगर, सपाट छताची. छत कापून पॉप-टॉप, म्हणजे मुक्कामाला वर उचलता येणारं कापडी भिंतींचं छत, बसवलं त्याला आता वर्ष होत आलंय. थंडी, मे महिना, वळीव, मोसमी पाऊस, सगळ्यातून ती गेली आहे, त्यामुळे आता ठामपणे लिहितो. आपल्या भागात पॉप-टॉप निवडताना पाऊस दुसऱ्या नंबरवर ठेवा. आधी ऊन आणि वारा बघा. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर सहज जातो. परदेशातले व्हिडिओ बघून निवड केली की हेच निसटतं.

हाय रूफ, म्हणजे कायमचं उंच छत, का नको, हे पहिलं विचारलं जातं. आमच्या दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उंच गाडी जातच नाही, आणि हैदराबाद रस्त्यावर माळावरून आडवा वारा सुटला की उंच गाडी डोलते. पॉप-टॉप मिटलेलं असलं की गाडीची उंची फारशी वाढत नाही. मुक्कामाला छत उचललं की बायकोला ताठ उभं राहून भाकरी थापता येते, मुलं वरच्या फळीवर झोपतात.

छतं मुख्यतः तीन प्रकारची. एका बाजूला बिजागरी असलेलं, पुढे किंवा मागे बिजागरी असलेलं, आणि चारही बाजूंनी सरळ वर उचललं जाणारं. सरळ उचललं जाणारं दिसायला देखणं, आतली जागाही सगळ्यात जास्त. पण चारही बाजूंना कापड, सांधे जास्त, वजनही जास्त. बाजूला बिजागरी असलेल्या छताचं लांबलचक कापड वाऱ्याच्या तोंडी आलं की शिडासारखं फुगतं. आम्ही पुढे बिजागरी, मागे उंची असं घेतलं आणि ते मनापासून पटलंय. दोन कारणं. चालत्या गाडीत चुकून कडी सैल झाली तरी समोरचा वारा छताला खालीच दाबतो. आणि मुक्कामाला गाडीचं नाक वाऱ्याकडे केलं की वाऱ्यासमोर फक्त उतरती बाजू येते. नळदुर्गला किल्ल्याजवळच्या उघड्या जागेत रात्रभर वारा होता, कापड फडफडलं नाही. वळवाचं मात्र वेगळं. पश्चिमेकडे काळं भरून आलं, धूळ उठली, की छत उतरवून कड्या लावायच्या. त्या वाऱ्यापुढे कोणताच प्रकार टिकेल असं मला वाटत नाही.

आता ऊन. वरचं कवच फायबरचं, पांढरं, आतून फोम चिकटवलेलं. पांढऱ्या रंगावर तडजोड करू नका. गडद रंग कितीही छान दिसला तरी मे महिन्यात ते कवच तापून आत भट्टी होते. दुपारी छत उचलून मागची जाळी उघडली की गरम हवा वरून निघून जाते आणि खालच्या दारातून नवी आत येते. खरा फरक रात्री कळतो. पत्र्याची बंद गाडी रात्री उशिरापर्यंत ऊब धरून राहते, कापडाच्या भिंती सूर्य मावळला की लगेच थंड होतात. आई उकाड्यात घरात झोपत नाही, गाडीत मात्र शांत झोपते.

कापडाचा अनुभव कडू-गोड. बांधणी करणाऱ्याने मूळ कापड पीव्हीसीचं लेप असलेलं दिलं होतं. पाणी अडवतं, पण श्वास घेत नाही. हिवाळ्यात पक्षी बघायला भिगवणला उजनीच्या काठावर मुक्काम केला तेव्हा सकाळी आतून थेंब ओघळत होते, मुलांची पांघरुणं दमट. शिवाय शिवणीतून पाणी झिरपायचं. शेवटी सोलापुरातच ताडपत्री आणि मंडप शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने जुनं कापड उसवून तेच माप धरलं आणि सूत-पॉलिस्टर मिश्रणाचं तंबूचं कापड घातलं. त्याची शिवण जवळून बघण्यासारखी आहे: दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टाके, आणि दुमड खाली तोंड करून, म्हणजे पाणी आत न शिरता ओघळून जातं. शिवून झाल्यावर त्याने कापड भिजवून ताणून वाळवायला लावलं. सूत फुगतं आणि सुईची भोकं बऱ्यापैकी बुजतात. त्यानंतर गळती नाही. एक पथ्य आहे: ओलं कापड मिटून ठेवायचं नाही. नाइलाजाने मिटावं लागलंच तर घरी पोचल्यावर लगेच उघडायचं, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ चेनमध्ये बसते. कोरड्या ब्रशने झाडून वर मेणबत्ती घासली की चेन पुन्हा सरकते.

गॅस शॉकरबद्दल, म्हणजे छत उचलून धरणाऱ्या वायू भरलेल्या नळ्यांबद्दल, कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. आतला वायू तापला की दाब वाढतो. थंडीतल्या 15 अंशांवरून उन्हाळ्यातल्या 45 अंशांवर गेलं की जोर साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणून मे महिन्यात छत अलगद वर जातं आणि खाली ओढायला पट्ट्याला लोंबकळावं लागतं. जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, पहाटे उलटं होतं. शॉकर निवडताना छताचं अंतिम वजन धरा. वर सोलर पॅनेल बसवणार असाल तर त्याच्यासकट. काचेचं 100 वॅटचं पॅनेल सात-आठ किलोपर्यंत जातं, आणि ते मागच्या, जास्त उचलल्या जाणाऱ्या टोकाला असेल तर शॉकर उणे पडतात. बसवताना दांडा खाली आणि नळी वर, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं आणि सील सुकत नाही.

छत कापल्यावर त्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या जातात. विंगरची बॉडी मोनोकॉक, वेगळी चासी नाही, त्यामुळे कापलेल्या कडेभोवती पोलादी चौकट हवीच. वेल्डिंग, त्यावर प्राइमर आणि मग पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन लावू देऊ नका.

कागदपत्रं कटर चालवण्याआधी. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं, आणि कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-124 हे मानक आहे. मान्यता असलेल्याच बांधणीवाल्याकडे जा, आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

तुम्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच बाहेर पडत असाल तर हा खर्च नको, छतावरचा तंबू पुरे. दर महिन्याला निघत असाल तर घ्याच, पण ठरवण्याआधी बांधणीवाल्याकडे भर दुपारी जा, उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं छत स्वतः उघडा, स्वतः मिटा, आणि घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या माणसालाही पट्टा ओढून बघायला सांगा.