चार ज्योती दिसायला हव्या होत्या

आमचं काम मापाचं. कारखान्यांचे गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियर आमच्याकडे कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, येतात. ती खोली वर्षभर २० अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, कारण लांबीच्या मापासाठी जगभर ठरलेलं तापमान तेच आहे. त्यामुळे एसी बंद ठेवायची सोयच नाही. बाबांनी हा व्यवसाय वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात उभा केला. तिथे पगारांच्या खालोखाल खर्च विजेच्या बिलाचा असायचा. म्हणून महापे एमआयडीसीत स्वतःची जागा झाली तेव्हा मीच हट्ट धरला: बांधायचं तर ग्रीन बांधू. सुरुवातीला चार पैसे जास्त गेले तरी पुढची वीस वर्षं बिलात वाचतील.

हा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. ग्रीन बांधकामाला कोणी घाबरावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. त्या नावाखाली काय खपवलं जातं ते माझ्यासारख्या छोट्या उद्योजकांना आधी कळावं, एवढ्यासाठी लिहितेय.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आला. बाबांच्या पाया पडायचा. "ताई, तुम्ही फक्त ड्रॉइंगवर सही करा, सर्टिफिकेटपर्यंतचं सगळं माझ्याकडे लागलं," म्हणाला. दर नेहमीच्या बांधकामापेक्षा १८ टक्के जास्त. त्यात एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंती, दर्शनी आणि पश्चिमेच्या बाजूला लो-ई कोटिंगची (उष्णता परतवणाऱ्या पातळ थराची) दुहेरी काच, स्लॅबवर ५० मिलिमीटर एक्सपीएसचा (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचा) थर, २० किलोवॅट सोलर, पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा आणि आयजीबीसीचं, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं, गोल्ड रेटिंग.

सोबत बचतीचा एक तक्ता होता. काचेमुळे २० टक्के, छतामुळे २० टक्के, नव्या एसीमुळे ३० टक्के, एकूण ७० टक्के. मी त्यावर विश्वास ठेवला. पण टक्के असे सरळ मिळवता येत नाहीत. काचेने २० टक्के वाचले की उरलेल्या ८० वर छताचे २० टक्के लागतात, आणि मग उरलेल्या ६४ वर एसीचे ३०. हिशोब ५५ टक्क्यांवर येतो. तोही प्रत्येक आकडा खरा धरला तर. फसवणूक त्या तक्त्यातच सुरू झाली होती.

जानेवारीत आम्ही नव्या जागेत आलो. एप्रिल उजाडला आणि दुपारी तीननंतर खोली २० वर राहीना. एसी न थांबता चालायचा, आतला थर्मामीटर २२ दाखवायचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "टनेज कमी पडतंय ताई, अजून एक मशीन लावा." आम्ही लावलंही. बिल आणखी वाढलं.

शेजारच्या युनिटमध्ये ग्लेझिंगचं, म्हणजे काचा बसवण्याचं, काम करणारे एक काका आले होते. त्यांना सहज सांगितलं, तर संध्याकाळी दिवे बंद करायला लावून त्यांनी काचेसमोर काडी पेटवली. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, कारण दोन काचांचे चार पृष्ठभाग असतात. लो-ई कोटिंग असेल तर त्यातल्या एका ज्योतीचा रंग वेगळा दिसतो. रस्त्याकडच्या खिडक्यांत चार दिसल्या, एक वेगळ्या रंगाचीही होती. पश्चिमेला, जिथे ऊन थेट पडतं तिथे, दोनच. फ्रेम मात्र सगळीकडे सारख्याच जाड. साध्या काचेतून जेवढी उष्णता आत झिरपते, त्याच्या साधारण निम्मी दुहेरीतून येते. आणि थेट उन्हाला तर कोटिंगशिवाय अडवणारं कुणी नाही. सॅम्पल म्हणून आम्हाला दर्शनी खिडकीच दाखवली होती.

मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. पावसाळ्यात गच्चीच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. वॉटरप्रूफिंगवाल्याने तिथला चायना मोझॅक आणि खालचा ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) फोडला, तर आत पांढरा थर्माकोल, जेमतेम २५ मिलिमीटर, आणि तोही पाण्याने जड झालेला. एक्सपीएसची पट्टी सहसा रंगीत असते, घट्ट असते, पाणी फारसं पीत नाही. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी शिरतं, आणि ओला झालेला थर उष्णता अडवत नाही. शोषखड्ड्यात गाळणीचे थरच नव्हते. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उलटं कंपाउंडमध्ये आलं.

आणि रेटिंग? स्वागतकक्षात फ्रेम करून लावलेला कागद नोंदणीचा निघाला. प्रकल्पाची नोंदणी म्हणजे फक्त फी भरून नाव घातलेलं असतं. प्री-सर्टिफिकेशन मिळालं तरी ते डिझाइनचं असतं. खरं रेटिंग इमारत पूर्ण झाल्यावर, पुरावे तपासून मिळतं. आमच्या नावावर नोंदणीनंतर एकही कागद दाखल झालेला नव्हता. तो कागद मी नीट वाचला असता तर त्यावर 'नोंदणी' असंच छापलेलं होतं.

सोलर तेवढं बरोबर निघालं. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, त्या हिशोबाने उन्हाळ्यात ८० च्या आसपास येतातही. यावर मी खूप विचार केला. सोलरला नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) असतो, महावितरणची तपासणी असते, पॅनेलवर सिरियल नंबर असतात. तिथे चोरी लगेच कळली असती. काचेला, छताला मीटर नसतो, आणि प्लास्टर चढल्यावर आत काय आहे ते कोणी बघायला जात नाही. त्याने नेमकं तिथेच खाल्लं.

वकिलांनी करारनामा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. ब्रोशरमधली जाडी आणि ग्रेड करारात कुठेच नव्हते. होतं ते "ग्रीन बिल्डिंग स्पेसिफिकेशननुसार किंवा समतुल्य". त्या 'समतुल्य' शब्दात त्याचा थर्माकोल बसला. ग्राहक आयोगाचा रस्ताही सोपा नाही. २०१९ च्या कायद्यात व्यवसायासाठी घेतलेली सेवा सहसा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही. दिवाणी दावा चालू आहे. हातात राहिले ते फक्त ५ टक्के रिटेन्शनचे, म्हणजे हमी म्हणून बिलातून मागे ठेवलेले, पैसे, तेही बाबांनी "सगळं बिल चुकतं करायचं नाही" म्हणून अडवून धरले होते म्हणून.

तुमचं काम चालू असेल तर बीओक्यूमध्ये (काम आणि मालाच्या तपशीलवार यादीत) प्रत्येक वस्तूची जाडी, मेक, ग्रेड लिहून घ्या आणि 'समतुल्य' हा शब्द खोडा. स्लॅबवरचा थर झाकण्याआधी टेप लावून फोटो काढा. मालाची चलनं मागा. एएसी ब्लॉकचीही, त्याला आयएस २१८५ भाग ३ हे मानक आहे. शेवटचा मोठा हप्ता अंतिम रेटिंग हातात आल्यावरच द्या. आणि तपासणारा माणूस कॉन्ट्रॅक्टरने आणलेला नको, आमचा सल्लागार त्याचाच मेहुणा निघाला.

पश्चिमेच्या नऊपैकी पाच खिडक्या आम्ही आमच्या पैशाने बदलल्या आहेत. गच्चीतून निघालेले थर्माकोलचे तुकडे मी टाकले नाहीत, शेजारी खऱ्या एक्सपीएसची निळी पट्टी ठेवली आहे. ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात कोणाचं बांधकाम निघणार असेल तर येऊन दोन्ही हातात घेऊन बघा, मी स्वतः दाखवीन.