हेल्मेटखालचा घाम डोळ्यात येतोय? टेरी बँड, पातळ टोपी आणि सिलिकॉन पट्टी, तिन्ही वापरून झाल्यावर

हे लिहितोय ते सायकल चालवताना ज्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ सरळ डोळ्यात येतो त्यांच्यासाठी. ज्यांना डोक्याला घाम कमी येतो किंवा भुवया चांगल्या दाट आहेत त्यांना हेल्मेटसोबत आलेलं पॅड पुरतं, त्यांनी वेगळं काही घ्यायची गरज नाही असं मला वाटतं.

बाकीच्यांपुढे साधारण तीन पर्याय असतात, टॉवेलच्या कापडाचा म्हणजे टेरी हेडबँड, हेल्मेटखाली घालायची पातळ टोपी, आणि आतल्या बाजूने सिलिकॉनची पट्टी असलेला बँड. मी तिन्ही भरपूर वापरलेत आणि तिन्ही आपापल्या जागी काम करतात, पण माझं मन एकावर बसलंय आणि ते का, ते सांगायला थोडं चढाबद्दल बोलावं लागेल.

सपाट रस्त्यावर हा त्रास फार होत नाही कारण वारा लागत राहतो आणि घाम कपाळावरच सुकतो. चढ लागला की वेग पडतो, व्हेंटमधून, म्हणजे हेल्मेटच्या हवेच्या भोकांतून, येणारा वारा जवळजवळ थांबतो, मेहनत मात्र वाढते आणि मानही खाली जाते. तोपर्यंत हेल्मेटचं पुढचं पॅड भिजून टच्च झालेलं असतं. विश्वास बसत नसेल तर चढ संपल्यावर थांबून हेल्मेट काढा आणि ते पॅड अंगठ्याने दाबून बघा, पाणी अक्षरशः निथळतं. तेच पॅड कपाळ आणि हेल्मेटच्या मध्ये दाबलं गेलं, नुसतं एक बोट लावून हेल्मेट जरा सारखं केलं तरी, की ती सगळी धार नाकाच्या दोन्ही बाजूंनी डोळ्यात. 2003 मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, व्यावसायिक रोड रेसिंगमध्ये हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हासुद्धा सुरुवातीला शेवटचा चढ निदान 5 किलोमीटरचा असेल तर तिथे हेल्मेट काढायची मुभा ठेवली होती, यावरून चढावर डोक्याचं काय होतं ते कळतं. ती मुभा नंतर काढून टाकली ते योग्यच झालं, आपण हेल्मेट काढायचं नाहीच आहे.

आणि झोंबतं ते नुसतं मीठ नसतं बरं का. ताज्या घामात अश्रूंपेक्षा मीठ कमीच असतं, पण कपाळावर आधी सुकलेलं मीठ आणि सकाळी चोपडलेलं सनस्क्रीन बरोबर घेऊन तो ओघळ खाली उतरतो, आणि माझ्या अनुभवात जास्त आग सनस्क्रीनचीच होते. मी भुवयांच्या वरचा दोन बोटांचा भाग आता कोरडा सोडतो किंवा झिंक ऑक्साइडवालं लावतो, मला तरी ते कमी झोंबतं.

आता टेरी बँड. घातल्यावर सगळ्यात छान वाटणारा हाच, मऊ असतो, कुठे टोचत नाही, कुठेही मिळतो, आणि राईड छोटी असेल तर दुसरं काही बघायची गरजच नाही. त्याचा तोटा एकच पण माझ्यासाठी सगळं तिथेच ठरलं. तो घाम साठवतो आणि भरत आल्याची काहीही सूचना देत नाही. जोरात चालवताना ताशी लिटरभर घाम जाणं यात विशेष काही नाही, त्यातला थोडासाच कपाळावरचा असला तरी कापडाची एवढीशी पट्टी तो किती वेळ धरणार. जिरवतोय जिरवतोय असं वाटत असतं आणि मग एका क्षणी तो भरतो, आणि तो क्षण हटकून चढाच्या मधोमध येतो कारण घाम तिथेच सगळ्यात जास्त येतो. तिथे दोन्ही हात हँडलवर हवे असतात, श्वास लागलेला असतो, थांबलं तर परत सुरू करणं जीवावर येतं, आणि बँड तर हेल्मेटच्या खाली अडकलेला, तो पिळायचा कसा? एक डोळा मिटून चालवायचं, ग्लोव्हच्या अंगठ्यावर पुसायचं मऊ कापड असतं त्याने पुसायचं, तर त्यालाही आधीच्या पुसण्याचं सनस्क्रीन लागलेलं, म्हणजे डोळा अजून लाल. पाठीमागून गाडी येत असताना एका डोळ्याने रस्ता बघणं ही गोष्ट मला चालवून घेण्यासारखी वाटत नाही. पॉलिस्टरचे बँड लवकर सुकतात हे खरं, पण दमट हवेत तेही सुकत नाहीत, आणि मुळात साठवायचं तत्त्व तेच असल्यामुळे भरायचं दुखणं राहतंच, थोडं उशिरा येतं इतकंच. शिवाय जाड बँडने हेल्मेट वर उचललं जातं, कपाळ जास्त उघडं पडतं, ते सुरक्षेच्या दृष्टीने चांगलं नाही.

पातळ टोपीबद्दल मला आदर आहे. घाम एका पट्टीत अडकत नाही, अख्ख्या डोक्यावर पसरतो आणि व्हेंटखाली सुकत जातो, त्यामुळे भरायला बराच वेळ लागतो. समोर छोटं टोक असलेली असेल तर थेंब डोळ्यांच्या पुढे, टोकावरून गळतो, ही फार चांगली सोय आहे. केस कमी असतील तर व्हेंटमधून टाळूला ऊन लागत नाही, त्या एका कारणासाठी मी कितीतरी जणांना टोपीच घ्यायला सांगितलीय. पण हँडलवर खाली वाकून चालवलं की तेच टोक नजरेच्या आड येतं, मान जास्त वर करावी लागते आणि लांब राईडला मान धरते. टोक वर दुमडलं तर थेंब परत आपल्याच कपाळावर. उन्हाळ्यात वारा नसेल तेव्हा डोकं गरमही वाटतं, निदान मला वाटतं, काहीजण बरोबर उलटं सांगतात.

सिलिकॉन पट्टीचा बँड वेगळ्याच पद्धतीने चालतो, तो घाम जिरवायच्या मागे फारसा लागत नाही, वळवतो. भुवयांच्या थोडं वर ती पट्टी कातडीला चिकटून बसते आणि छपराच्या कडेच्या पन्हळीसारखं वरून आलेलं पाणी दोन्ही कानशिलांकडे नेऊन सोडते, तिथून ते गालाच्या कडेने गळून जातं. म्हणजे भरायचा प्रश्नच नाही, चढ कितीही लांब असो. हेलोचे बँड याच जातीचे, इतरही बरेच आहेत, नावापेक्षा पट्टी अखंड आणि लवचिक आहे ना ते बघा.

यालाही खोड्या आहेत. पट्टीखाली एक बट अडकली तरी तिथून गळती सुरू होते, त्यामुळे घालताना केस नीट मागे घ्यावे लागतात. कपाळ सनस्क्रीनने तेलकट असेल तर पट्टी पकडत नाही, हळूहळू खाली सरकते. काढल्यावर कपाळावर आडवा वळ राहतो, राईडवरून थेट कुठे लोकांत जायचं असेल तर तो दिसतो. खूप वाकून चालवताना मधोमध पाणी साचल्यासारखं होतं, तेव्हा डोकं एकदा एका बाजूला कलवलं की निघून जातं, हात लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने हात न लागणं हाच सगळा मुद्दा आहे. चष्मा किंवा गॉगल घालणाऱ्यांना काड्यांपाशी ओलं लागतं, काचा मात्र बऱ्याच स्वच्छ राहतात. लेन्स लावणाऱ्यांनी तर मला वाटतं दुसरं काही बघूच नये, अर्थात ज्याचं त्याने ठरवावं.

भुवयांवर व्हॅसलीन लावायचा उपाय बरेच जण सांगतात, थोडा वेळ चालतो पण सगळीकडे पसरतं आणि वर सिलिकॉन पट्टी असेल तर तिची पकडच जाते, दोन्ही एकत्र नको. नवीन हेल्मेटच घेणार असाल तर पुढचं पॅड बघून घ्या, बेलच्या काही मॉडेलमध्ये ते असं पुढे काढलेलं असतं की थेंब कपाळापासून लांब पडतो.

तर रोजची अर्ध्या तासाची सपाट राईड असेल तर टेरी घ्या, दोन ठेवा, आलटूनपालटून धुवा. टाळूला ऊन लागत असेल तर टोपी. चढ असेल, दमट हवा असेल, दोन तासांच्या वर चालवत असाल तर मी सिलिकॉन पट्टीच सुचवेन. ती साध्या साबणाने धुवायची, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने कापडाची घाम ओढायची ताकद जाते आणि पट्टीही बुळबुळीत होते. आणि यातलं काहीही घेतलंत तरी ते घालून हेल्मेटचा मागचा डायल आणि हनुवटीचा पट्टा पुन्हा जुळवा, पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर यायला हवी, बँडमुळे ती वर सरकली असेल तर तो बँड तुमच्या हेल्मेटसाठी जाड आहे, परत करा.