विंडसरची स्वस्त सहल आणि रद्द झालेली खरी तिकिटं

लंडनच्या आसपास राहणाऱ्या आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना इथे फिरवायला नेणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. विंडसर कॅसलच्या एका दिवसाच्या सहलीची तिकिटं विकणाऱ्या एका माणसाने आम्हाला आणि आमच्याबरोबरच्या आणखी एका कुटुंबाला गंडा घातला. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की चार ठिकाणी चौकशी करणारा माणूससुद्धा तिच्यात अडकेल. म्हणून काय झालं ते तपशिलात सांगते.

माझे सासरे साताऱ्याचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा ती बघायला ते पहिल्या काही दिवसांतच रांगेत उभे होते. दिवाळीला ते आणि सासूबाई आमच्याकडे आले ते विंडसर बघायचंच असं ठरवून. टिपू सुलतानाच्या सिंहासनाचं वाघाचं मुंडकं तिथे आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते सिंहासन तोडून त्याची वाटणी केली, त्यातलं हे. लाकडावर सोन्याचा पत्रा, डोळे आणि दात स्फटिकाचे. मराठे आणि टिपू यांच्या लढाया वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

इथल्या एका मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटात तेव्हा एक जाहिरात फिरत होती. पॅडिंग्टनहून विंडसरला जाऊन-येऊन रेल्वे आणि कॅसलचा प्रवेश, सगळं मिळून माणशी ३५ पौंड. कॅसलचं एकट्याचं तिकीटच तेव्हा तीस पौंडांच्या घरात होतं. एवढं स्वस्त कसं, असं विचारलं तर उत्तर लगेच आलं: "ताई, ग्रुप बुकिंगची सवलत आहे. सहा जण असाल तर एक तृतीयांश भाडं कमी होतं. मंगळवारी गर्दी नसते, म्हणून कॅसलचंही स्वस्तात पडतं." बोलणं अदबीचं, मराठी अस्सल, मध्येच गावाची चौकशी. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, फार चालवत नाही हे कळल्यावर स्लाऊला गाडी बदलताना लिफ्ट कुठे आहे तेही त्याने सांगितलं.

त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता. तीन ते नऊ प्रौढ एकत्र, गर्दीची वेळ सोडून प्रवास करणार असतील तर इथल्या बऱ्याच रेल्वे कंपन्या 'ग्रुपसेव्ह' नावाने भाड्यात एक तृतीयांश सूट देतात. कोणीही ती स्वतः घेऊ शकतं. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही, आणि रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बुकिंगचे वेगळे पैसेही पडत नाहीत. सर्वांना मिळणारी सवलत हा माणूस स्वतःची ओळख म्हणून विकत होता.

पैसे त्याने बँक खात्यात मागितले. नाव टाकल्यावर बँकेच्या अ‍ॅपने खातेदाराचं नाव जुळत नसल्याचा इशारा दिला. त्यावर "खातं बायकोच्या नावावर आहे" असं उत्तर आलं. अर्ध्या तासात रेल्वेची सहा ई-तिकिटं मेलवर आली. माझ्या नवऱ्याचा एक मित्र रेल्वेत काम करतो. त्याने ती बघितली आणि तिकिटं अस्सल आहेत म्हणून सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी ती तिकिटं अस्सलच होती.

खरी मेख इथे आहे. त्या माणसाने सहाही तिकिटं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डाने खरोखर काढली होती. पीडीएफ आम्हाला पाठवली आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी ती सगळी रद्द करून थोडी फी वजा जाता पैसे परत घेतले. 'ऑफ-पीक', म्हणजे गर्दीची वेळ सोडून प्रवासाचं, तिकीट असं परत करता येतं, नियमातच ते आहे. २०२५ च्या एप्रिलपासून हा परतावा प्रवासाच्या आदल्या मध्यरात्रीपर्यंतच मागता येतो, पण या फसवणुकीला तेवढी मुदत पुरते. रद्द झाल्यावर आपल्या फोनमधल्या पीडीएफवर काहीच बदलत नाही. चौकोनी कोड तसाच, नंबर तसाच, तारीख तशीच. तिकीट जिवंत आहे की मेलेलं, हे ज्याच्या खात्यातून काढलं त्याला आणि रेल्वेच्या यंत्रणेलाच कळतं.

पॅडिंग्टनच्या फाटकाला एकही कोड लागेना. तिथल्या बाईंनी हातातल्या यंत्रावर बघून सांगितलं, सहाही तिकिटं रद्द आहेत. आम्ही फाटकाच्या अलीकडेच होतो म्हणून दंड झाला नाही. फाटक उघडं असतं आणि गाडीत टीसी भेटला असता, तर माणशी १०० पौंड आणि वर एकेरी भाडं असा दंड इथे होऊ शकतो. एकवीस दिवसांत भरला तर १०० चे ५० होतात, पण सहा जणांचे ते तीनशे झाले असते.

नव्याने तिकिटं काढून तरी जाऊ, असं आमचं चाललं होतं. त्याच बाई म्हणाल्या, "विंडसर? आज मंगळवार. कॅसल बंद असतो." मंगळवार आणि बुधवार तिथे पर्यटकांना प्रवेश नसतो. आमच्याकडे मात्र मंगळवारची, सकाळी अकराची, कॅसलच्या चिन्हासकटची प्रवेशाची पावती होती. दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या पावतीवर तारीख बदललेली. फोन केला तर नंबर बंद, आणि गटातून तो माणूस रात्रीच बाहेर पडला होता.

बाबा काही बोलले नाहीत. "तुमचे पैसे गेले गं," एवढंच परतीच्या गाडीत दोनदा म्हणाले. ते ऐकून मला पैशांपेक्षा कितीतरी जास्त चीड आली. म्हाताऱ्या माणसांची हौस हेरून, भाषेची जवळीक वापरून केलेली ही चोरी आहे. आपल्या माणसाला पुरावा मागायचा संकोच वाटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पैशांचं पुढे काय झालं, हे नीट वाचा, कारण बरेच जण "गेले ते गेले" म्हणून सोडून देतात. इंग्लंडमध्ये १५९ हा नंबर फिरवला की बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी थेट जोडून मिळतं. आम्ही त्याच दुपारी फोन केला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून आपल्याच हाताने बँक ट्रान्सफर करायला लावलं असेल, तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम भरून द्यायची. निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा ज्या बँकेत ते गेले तिच्यावर. दावा तेरा महिन्यांच्या आत करायचा. बँक त्यातून १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते, आणि आमच्या बँकेने ते कापले. २१० मधले ११० परत आले. पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक, सगळ्या संदेशांचे स्क्रीनशॉट आणि रेल्वेच्या बाईंनी लिहून दिलेलं "तिकिटं रद्द" एवढं जोडलं होतं. हा नियम फक्त ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्या खात्यात गेलेल्या पैशांना लागू आहे. भारतातून यूपीआयने किंवा परदेशी खात्यात पाठवलेल्या पैशांना तो नाही. तिकडून येणाऱ्या पाहुण्यांनी तर असे पैसे मुळीच पाठवू नयेत.

कार्डाने भरलेले पैसे वेगळ्या वाटेने मागता येतात. क्रेडिट कार्डाला १९७४ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पण एका वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर असेल तरच. प्रवेशाचं एकेक तिकीट त्यात सहसा बसत नाही. तेव्हा बँकेकडे 'चार्जबॅक', म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागायचा.

विंडसरला जायचंच असेल तर वाट सोपी आहे. पॅडिंग्टनहून स्लाऊला उतरायचं आणि समोरच्या छोट्या गाडीने सहाएक मिनिटांत 'विंडसर अँड ईटन सेंट्रल' गाठायचं. किंवा वॉटर्लूहून एकाच गाडीत बसून तासाभरात 'रिव्हरसाइड'ला. दोन्ही स्टेशनं कॅसलपासून चालत जाण्याएवढी जवळ, आणि सेंट्रलहून चढ कमी. रेल्वेचं तिकीट स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून काढा. कॅसलचं तिकीट ते अधिकृतपणे विकणाऱ्या 'रॉयल कलेक्शन ट्रस्ट' या संस्थेकडूनच घ्या. त्यांच्याकडून थेट घेतलेलं तिकीट वर्षभराच्या पासात बदलून मिळतं, मध्यस्थाकडून घेतलेल्याला ती सोय नाही. आणि काहीही विकत घेण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरची उघडण्याच्या दिवसांची यादी बघा.

आम्ही पुढे एका गुरुवारी गेलो. १९९२ च्या आगीत जळालेलं आणि पाच वर्षांत पुन्हा उभं केलेलं सेंट जॉर्जेस हॉल पाहून बाबा त्या वाघासमोर बराच वेळ थांबले आणि नातवाला सगळा इतिहास सांगत बसले.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका गटात नव्या नावाने, नव्या नंबरवरून तशीच जाहिरात आली आहे. वाक्यं तीच, "ताई-दादा" तेच. या वेळी सहल रविवारची आहे, "सेंट जॉर्जेस चॅपल आणि राणी एलिझाबेथची समाधी यांच्यासकट". रविवारी ते चॅपल फक्त प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी उघडं असतं, पर्यटकांना आत सोडत नाहीत. ही जाहिरात तुमच्या गटात दिसली तर काढून टाकण्याआधी तिचा, नंबरचा आणि बँक खात्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि गटाच्या अ‍ॅडमिनला लगेच कळवा.